चुकीचा नेम दाखवणारी दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. तारे बघायची नव्हे, शिकारीच्या रायफलीवर बसवायची. माझी भिंगं लहान, म्हणून ला पाम्पा नावाच्या गवताळ मुलखातल्या ओलेगारियोच्या दुकानात मी बरीच वर्षं धूळ खात पडून होते.

एके दिवशी नेलिदा दुकानात आली. रानडुकरं तिची कोकरं मारत होती. सोबतचा दीर रुफिनो एका भल्यामोठ्या दुर्बिणीपाशी घुटमळत होता.

"वहिनी, ही घ्या! चंद्रावरचे खड्डे दिसतील."

"डुकरं काय चंद्रावरून येतात, भाऊजी?"

तिने स्वस्तातली मला घेतलं आणि वाचलेल्या पैशांत भक्कम पोलादी माउंट घेतलं. माउंट म्हणजे मला रायफलीवर धरून ठेवणारी पकड. तिचा खटका ओढला की मी अख्खी सुटून हातात येते.

"दुर्बिणीपेक्षा पकड महाग! उलटाच कारभार," रुफिनो हसला.

"बार उडाला की काच जागची हलता कामा नये. मला तेवढंच पाहिजे."

पुढे बरीच वर्षं माझा नेम चुकला नाही. "दिसायला एवढीशी, पण खोटं बोलत नाही," असं नेलिदा शेजाऱ्यांना सांगायची. मला फार बरं वाटायचं.

मग रुफिनोने रायफल उसनी नेली. हौसेपोटी माउंटचे स्क्रू सोडून त्याने त्यात स्वतःसाठी नवी घेतलेली दुर्बीण बसवून पाहिली. मला परत बसवलं, पण स्क्रू नीट आवळले नाहीत. रायफल परत देताना तो काहीच बोलला नाही.

दुसऱ्याच सकाळी काटेरी झुडपातून एक सुळेवालं डुक्कर उसळलं. नेलिदाचा नवरा बासिलिओ घोड्यावरून फेकला गेला. त्याचा पाय मुरगळला, उठता येईना. नेलिदाने चढावरून नेम धरला. बार उडाला आणि माती उडाली ती डुकरापासून हातभर लांब!

डुक्कर बासिलिओकडे वळलं.

"नेलिदा! मार ना!"

तिचा डोळा पुन्हा माझ्यापाशी आला. मी डुक्कर दाखवत होते, पण गोळी कुठे जाणार होती? बासिलिओच्या छातीत? तिचं बोट थांबलं. तिने खटका ओढून मला उपटलं आणि फेकून दिलं. नळीवरच्या लोखंडी खुणेवरून ती नेम धरू लागली.

मी काट्यांत उपडी पडले. आता फक्त ऐकू येत होतं. डुकराचं गुरगुरणं. बुटाचं चामडं फाटल्याचा आवाज. बासिलिओची किंकाळी. मग एकच बार.

त्यानंतर काहीच नाही. वारासुद्धा नाही.

"मेलं का गं?"

"तू बोलतोयस ना? मग तेच मेलं," नेलिदा म्हणाली.

संध्याकाळी रुफिनो भावाला बघायला आला. फाटलेला बूट पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. "वहिनी, स्क्रू मीच सोडले होते."

नेलिदाने मला काट्यांतून उचलून आणलं होतं. तिने मला आणि पेचकस त्याच्यापुढे ठेवलं. "आवळा. सकाळी पुठ्ठ्यावर नेम तपासू. तुम्हीच उभे राहा पुठ्ठ्याच्या शेजारी."

त्याने एकेक स्क्रू आवळून मला घट्ट बसवलं.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू जरूर वापरा. हौसेने उघडूनही बघा. पण परत देताना तिचं काय झालं ते सांगत जा. आम्हा वस्तूंना तोंड नसतं. ते तुम्हाला आहे.