सात नंबरचा टब

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सात नंबरच्या टबातून एक बेडूक बाहेर आला. अंगठ्याच्या नखाएवढा. काठावर बसून समोरच्या कपाटाकडे बघत राहिला.

प्रयोगशाळेतले काका हातातला पाण्याचा मग सावरत जागीच थबकले. बारा टब, प्रत्येकात चाळीस बेडूकमासे, सगळे एकाच आईचे. बाकी अकरा टबांत कुणाला धड मागचे पायही फुटले नव्हते. इथं मात्र आणखी आठ-दहा जण शेपूट आखडून तयारीत होते. काकांनी घाईघाईनं टबावर जाळी टाकली.

कोणत्या खाद्यावर बेडूक लवकर तयार होतो, हे प्रयोग करणाऱ्या बाईंना मोजायचं होतं. एका टबात जरी फरक पडला तरी सगळं मुसळ केरात, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. रोज टबावरच्या निळ्या चिकटपट्टीपर्यंत पाणी भरायचं, हे काकांचं काम. बावीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती.

साडेआठला बाई आल्या आणि वाकून बघू लागल्या. "काका, टॉनिक-बिनिक पाजलंत की काय यांना?"

"काहीतरीच काय, बाई! पट्टीपर्यंत पाणी, थेंब इकडचा तिकडे नाही. उलट हा टब सगळ्यात गुणी. पाणी मागतच नाही."

"खिडकीतला टब, दिवसभर ऊन खातो, आणि पाणी मागत नाही?"

बाई वजनकाटा आणायला आत गेल्या. काकांनी मोजपट्टी लावली. शेजारच्या टबात पाणी पंधरा सेंटीमीटर, यात सहा. उन्हानं डिंक पातळ होऊन पट्टी रोज थोडी थोडी घसरत होती, आणि काका इमानेइतबारे तिच्या मागोमाग खाली उतरत होते. टबावर डिंकाचा ओघळ स्पष्ट दिसत होता. पट्टी अंगठ्यानं वर सरकवायची, आठ-दहा मग ओतायचे, काम फत्ते. त्यांनी मग उचलला. आणि तसाच खाली ठेवला.

"बाई, माझी चूक झाली," बाई परत येताच ते म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

बाई स्टुलावर टेकल्या. मग हसू लागल्या. "म्हणजे यांना वाटलं, डबकं आटतंय. मोठं होत बसायला वेळ नाही, फोडा पाय आणि निघा!"

"पण बाकीचे यांचेच सख्खे भाऊ ना?"

"सख्खेच. त्यांना घाई नाही, एवढंच."

काकांनी मान डोलावली. "घरमालकानं पाणी तोडलं तेव्हा आम्हीही आठवड्यात बिऱ्हाड हलवलं होतं. निम्मं सामान मागं राहिलं."

"यांचंही राहिलंय," बाई बेडकाला काट्यावर ठेवून आकडा बघत म्हणाल्या. "गेल्या वर्षीच्या बेडकांच्या निम्मंच वजन आहे."

त्यांनी सात नंबर खाद्याच्या मोजणीतून काढला. प्रयोगाबाहेर राखून ठेवलेल्या बेडूकमाशांचे तीन नवे टब मांडले. आता रोज एक सेंटीमीटर पाणी कमी करायचं, तेही मुद्दाम, आणि ते काम काकांकडेच. खुणा त्यांनी स्वतः ऑइलपेंटनं काढल्या. घरी बायकोला म्हणाले, "चुकीबद्दल बढती मिळाली."

शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत सात नंबरमधले चाळीसपैकी चौतीस बाहेर आले होते. सहा जणांच्या शेपट्या अजून शाबूत होत्या. एवढ्याशा अंगावर बाहेर आलेले पुढं तग धरतील का, हे बाईंनाही ठाऊक नव्हतं.