सप्रे मास्तरांच्या पाठीवरचा डबा

मी डबा बोलतोय. पत्र्याचा, पाच लिटरचा, मूळचा मोहरीच्या तेलाचा. पोटावर एके काळी पिवळ्या फुलांचं चित्र होतं, आता तिथे गंज आहे. थोरामोठ्यांच्या आत्मवृत्तात पराक्रम असतात. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे ऐन वेळी मी गळलो. ती लपवणार नाही, पण सुरुवातीपासून सांगतो.

काशीत दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत ढुंढिराज सप्रे यांच्या घरी मी तेलासकट आलो. सप्रे मास्तर पाठशाळेत व्याकरण शिकवायचे. घरात त्यांची बायको नंदाताई आणि दहा वर्षांची मुलगी कालिंदी. तेल संपल्यावर नंदाताई माझ्यात तूरडाळ भरणार होत्या. माझी महत्त्वाकांक्षाही तेवढीच होती.

पण ब्याण्णव सालच्या चैत्रात कालिंदीनं हट्ट धरला, "बाबा, मला तैरायला शिकायचंय."

काशीतल्या मराठी घरांत अशीच मराठी चालते. एरवी मास्तर लगेच म्हणाले असते, "तैरायला नाही ग, पोहायला." त्या दिवशी त्यांनी काहीच दुरुस्त केलं नाही.

मास्तर चव्वेचाळीस वर्षं गंगेकाठी राहिले, पण गुडघ्यापलीकडे पाण्यात कधी उतरले नव्हते. पायरीवर बसायचं, तांब्यानं अंघोळ करायची आणि घरी यायचं. लहानपणी त्यांचा थोरला भाऊ बिंदुमाधव याच घाटावर बुडाला. तेव्हा आईनं धाकट्याकडून शब्द घेतला होता, पाण्यात जाणार नाहीस म्हणून. आई गेली, शब्द राहिला. कालिंदीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी मला काखोटीला मारलं, पत्रेवाल्याकडे नेलं आणि माझ्या तोंडाला डाग देऊन घेतला. डाग देणे म्हणजे झाळून बंद करणे. चारचौघांत डाग लागला आणि त्यानंतरच माझी प्रतिष्ठा वाढली, असा मी एकटाच असेन.

घाटावर लल्लन नावेवाला होता. निम्म्या मोहल्ल्याला त्यानंच पोहायला शिकवलं होतं. तरंगायला आधार म्हणून त्यानं मला कालिंदीच्या पाठीला दोरीनं बांधलं. मी छाती फुगवून तयार. पण कालिंदी शेवटच्या पायरीला घोरपडीसारखी चिकटली.

"उतर ग, काही होत नाही," मास्तर वरच्या पायरीवरून म्हणाले.

"मग तुम्ही का नाही उतरत? तुम्हालाही डर वाटतं!"

घाटावरचे चार लोक हसले. मास्तरांनी तिची दोरी सोडली, मला उचललं आणि तिचा हात धरून घरी निघाले. मला वाटलं, संपलं. आता तूरडाळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर धोतराचा काचा घट्ट मारून घाटावर हजर. "लल्लन, आज पहिले मला बांध."

लल्लनला वाटलं थट्टा आहे. "मास्टर साहब, इस उमर में?"

"उमर राहू दे. दोरी आवळ."

मी त्यांच्या पाठीवर चढलो, आणि खरं सांगतो, माझा मोठा अपेक्षाभंग झाला. कुठे ती हलकीफुलकी मुलगी, आणि कुठे हे थरथरणारं, तुंदिलतनू व्याकरण! मास्तरांनी पाण्यात पाय टाकला तेव्हा त्यांचं काळीज माझ्या पत्र्यावर ढोल वाजवल्यासारखं वाजत होतं. मी मनात म्हटलं, माझ्या जिवावर आहात, मजेत राहा.

त्यांचं पोहणं म्हणजे म्हशीला कोणी गुदगुल्या कराव्यात तसं होतं. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, तोंडात गंगा. तेवढ्यात पाठशाळेतली त्यांची विद्यार्थिमंडळी स्नानाला आली. एकजण ओरडला, "अरे देखो, गुरुजी डब्बा बाँधे हैं!" सगळा घाट खदाखदा हसला. मी लाजून दुसरीकडे बघितलं. पाठीवर बांधलेला डबा दुसरीकडे बघूनही कुठे बघणार, म्हणा.

मास्तर पायरीला धरून उभे राहिले, नाक शिंकरलं आणि त्या मुलाला म्हणाले, "हो रे, बांधलाय. येत नाही म्हणून शिकतोय. तुला येतं ना? मग सांग बरं, माझं काय चुकतंय?"

मुलाचं हसू विरलं. तो खरोखरच पाण्यात उतरला आणि गुरुजींना पाय कसे मारायचे ते दाखवू लागला. कालिंदी डोळे विस्फारून बघत होती. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुमचे गुडघे वाकतायत."

"असं का? बघ हं, आता?"

चौथ्या दिवशी ती स्वतःहून पाण्यात आली. मग माझी पाळी ठरली. आधी लेक, मग बाप.

त्याच सुमारास पायरीवर अंग पुसताना मास्तरांनी तिला बिंदुमाधवकाकाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही तुमच्या आईला दिलेला शब्द मोडलात?"

"मोडला. रोज तिची माफी मागून पाण्यात उतरतो. पण तिची भीती मी चाळीस वर्षं सांभाळली, ती पुढे तुझ्या हातात द्यायची नव्हती मला."

आता माझ्या कामगिरीकडे येतो. वैशाख संपत आला होता. मास्तर पायरीपासून वीसेक हातांवर, बांधून ठेवलेल्या नावेपर्यंत जाऊन परत यायचे. त्याचं श्रेय अर्थात मी घेत होतो. माझ्या बुडाशी गंजाचं एक बारीक भोक पडलंय हे मला जाणवलं होतं. पण मोठेपणा अंगात आला की किरकोळ भोकांकडे कोण लक्ष देतं? त्या सकाळी मास्तर नावेजवळ पोचले आणि माझ्या पोटात गुडगुड सुरू झाली. भोक फाटलं होतं; बघता बघता मी जवळजवळ पूर्ण भरलो. तरंगवायचं सोडून मीच त्यांच्या पाठीवरचं लोढणं झालो. मास्तर पाण्याखाली गेले. वर आले. पुन्हा गेले.

लल्लन पाठमोरा दोरखंड गुंडाळत होता. पायरीवरून कालिंदी जिवाच्या आकांतानं ओरडली, "बाबा, पाय! पाय मारा! गुडघे नका वाकवू!"

आणि मास्तरांनी पाय मारले. मला ओढत, पाणी गिळत, धापा टाकत ते पायरीपर्यंत आले. लल्लननं धावत येऊन त्यांना वर घेतलं आणि मला सोडून हलवलं. "अरे, ई त भर गयल हौ!" माझ्या आतलं पाणी डुबुक डुबुक वाजत होतं. त्याहून लाजिरवाणा आवाज मी आयुष्यात काढलेला नाही.

मास्तर पायरीवर बसून खोकत होते. कालिंदी रडत त्यांना बिलगली. "बाबा, आता नको. कधीच नको. मलाही नाही शिकायचं."

"मी फार घाबरलो ग," मास्तर म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे. "वाटलं, आता बिंदूदादा भेटणार." मग त्यांनी तिचे डोळे पुसले, उठले, आणि माझ्याकडे न बघता पुन्हा पायऱ्या उतरू लागले.

"बाबा!"

"आत नाही जात. छातीपर्यंतच. पण आज असाच घरी गेलो, तर उद्या माझा पाय इकडे वळणार नाही." ते छातीभर पाण्यात जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं कालिंदी उतरली आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली. मी पायरीवर आडवा, भोकातून ठिबकत.

मला पुन्हा डाग दिला, पण माझी कोणाला गरज उरली नाही. आषाढात पाणी चढायच्या आत दोघंही माझ्याशिवाय पोहू लागली होती.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात, चौदा वर्षांची कालिंदी गंगा पार करायला निघाली. शेजारून लल्लनची नाव, नावेत नंदाताई देवाचं नाव घेत बसलेल्या, आणि आणीबाणीसाठी म्हणून मी. वाटेत माझी आठवण एकदाही कोणाला झाली नाही. मास्तर तिच्याबरोबर पोहत होते. निम्म्या पात्रात त्यांचा दम संपला. त्यांनी नावेची कड धरली आणि म्हणाले, "माझं इथपर्यंतच. तू जा."

तिनं वळून बघितलं. समोर अजून तेवढंच पाणी होतं. मास्तर तोवर नावेत चढून बसले होते. ना धीराचं भाषण, ना सूचना. ती पुढे वळली. पलीकडच्या रेतीला तिचे पाय टेकले, तेव्हा नंदाताईंनी मला इतकं घट्ट आवळलं होतं की माझ्या कुशीला पोचा पडला. तो अजून आहे.

आमची नाव लागल्यावर ती ओल्या अंगानं वडिलांच्या पाया पडली. "बाबा, त्या दिवशी तुम्ही परत पाण्यात गेला नसता ना, तर मी..."

"बरं बरं. आधी अंग पूस, वारा लागेल," मास्तर म्हणाले आणि खाकरत लल्लनशी पाण्याच्या ओढीबद्दल बोलू लागले. तिचं वाक्य अर्धंच राहिलं.

आज नव्व्याण्णव साल चालू आहे. माझं वरचं तोंड कापून नंदाताईंनी माझ्यात मोगरा लावलाय. गच्चीवर असतो. तळ पार सडलाय, पुढच्या दिवाळीच्या सफाईत भंगारवाल्याकडे जाईन. तक्रार नाही. मोगऱ्याला फूल आलं की लोक मोगऱ्याला चांगलं म्हणतात. ही रीत मला एव्हाना पाठ झाली आहे.

कालिंदी पुण्याला कॉलेजात आहे. गेल्या आठवड्यात तिचं पत्र आलं. मास्तरांनी गच्चीवरच उघडून नंदाताईंना वाचून दाखवायला घेतलं. "बाबा, इथे सगळं इंग्रजीत शिकवतात. मला अर्धं कळत नाही. बाकीच्या मुली न कळताही माना डोलवतात. मी हात वर करून सांगते की कळलं नाही, पुन्हा सांगा. हे मला कोणी शिकवलं, ते तुम्हाला समोर सांगायला गेले तर तुम्ही मला अंग पुसायला लावता. म्हणून लिहितेय..."

पुढचं मास्तरांना वाचता येईना. "अक्षर फार लहान काढते ही," म्हणत त्यांनी पत्र नंदाताईंकडे दिलं आणि मोगऱ्याची पिवळी पानं खुडू लागले. चांगली हिरवीही दोन-चार खुडली. नंदाताईंनी ते पत्र शेवटपर्यंत, सावकाश, मोठ्यानं वाचलं.

जाता जाता एवढंच मागतो. तुमच्याही घरी असं माणूस असेल, तर त्यांच्याकडून काय शिकलात ते त्यांना सांगा. ते अवघडतील, खाकरतील, विषय बदलतील. तुम्ही बदलू देऊ नका.