लाल रुमाल टांगला असताना

या, जरा जवळ सरकून बसा. पंख्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, आणि आजची गोष्ट ओरडून सांगण्यातली नाही. गोष्ट भीतीची आहे. भुताखेताची मात्र नव्हे. भूत असतं तर इसरिकच्या वाळक्या झुडपाचा धूर घरभर फिरवून, चार नावं परवरदिगाराची घेऊन घालवलं असतं. ही भीती भर दुपारी येते, लख्ख उजेडात, सगळं कसं सुरळीत चाललंय असं वाटत असताना. सांगतो. शेवटपर्यंत ऐका, मधे उठू नका.

आमच्या तेरमेझमध्ये उन्हाळ्यातले चाळीस दिवस असे येतात की फाटकाच्या कडीला हात लावायचा तर आधी फडकं शोधावं लागतं. चिमण्या द्राक्षाच्या मांडवाखाली चोच वासून बसतात. माणसं पहाटे कामं उरकतात, मग दारं लावून घेतात आणि संध्याकाळी पुन्हा माणसांत येतात. त्यातच नदीपलीकडून वारा सुटतो. त्याला आम्ही नुसतं अफगाणी म्हणतो, जसं एखाद्या तापट पाहुण्याला नावानंच ओळखावं. अफगाणी आला की आभाळ विटकरी होतं आणि समोरचं घर दिसेनासं होतं. दातांखाली वाळू करकरते. ज्यांचा जीव आधीच थकलेला असतो, त्यांना तो कधी कधी घेऊनही जातो.

अशा गावात एल्योर घरात बसून नोकरी करत होता. दूर उत्तरेकडच्या एका थंड देशात कुणाची तरी मोठी गोदामं होती, आणि त्या गोदामांतला माल कुठल्या फळीवर आहे नि कुठल्या गाडीत जायचा आहे, त्याचं संगणकावरचं काम हा इथं बसून सांभाळायचा. खिडकीला जाड पडदे, कानांवर हेडफोन, समोर लॅपटॉप. त्याची बायको मोहिनूर त्याला म्हणायची, "तुम्ही घरातून कामाला जात नाही आणि कामावरून घरी येत नाही. मग असता तरी कुठं?"

पण एल्योरला खरी धास्ती होती ती वेगळीच. त्याचे वडील, नोरमुरोद बख्शी.

बख्शी म्हणजे मांडीवर दोन तारांचा दोंब्रा घेऊन रात्रभर कथा गाणारा. आणि नोरमुरोदचा गळा काय सांगू तुम्हाला. आधी देवाचं नाव घ्यायचा, मग आपल्या गुरूचं, मग ज्यांची ज्यांची गाणी कानावर पडली त्या सगळ्या गेलेल्या लोकांचं, आणि त्यानंतर छातीतून असा घोगरा, खोल सूर काढायचा की लग्नघरी आचारी झारा हातात तसाच धरून उभा राहायचा. नायक वाळवंटात तहानेनं पडला म्हणून गायला, की बायका खरंच पाण्याची भांडी पुढं करायच्या.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका लग्नात गाता गाता तो आडवा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, काळीज दमलंय तुमचं. ऊन आता तुम्हाला विषासारखं. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

त्या दिवसापासून एल्योर बापाला सावलीबाहेर पाऊल टाकू देत नसे. या वर्षी मोहिनूर मुलांना घेऊन माहेरी, बायसूनच्या थंड डोंगरात गेली, तेव्हा गाडीत बसता बसता तिनं एकच सांगितलं, "लॅपटॉप पडला तर दुसरा येईल. बाबांकडे बघा."

घरात आता दोघंच. आणि एक नियम. एल्योरच्या खोलीच्या दाराला मोहिनूरचा लाल रुमाल टांगला असला की घरात आवाज करायचा नाही. पलीकडची माणसं ऐकतात. सुरुवातीला म्हाताऱ्याला हे पटत नव्हतं.

"दिवसभर कोंडून घेतोस, खुराड्यातल्या कोंबडीसारखा," तो म्हणायचा. "कोंबडी निदान संध्याकाळी अंडं तरी दाखवते."

"बाबा, माझं अंडं संगणकात असतं."

"मग ऑम्लेटही त्यातच कर."

पण एकदा काय झालं, कामाच्या वेळी म्हाताऱ्यानं अंगणात बसून नुसता गळा मोकळा केला. एक लांब सूर, बस. तर तिकडून एल्योरच्या कामावरच्या वरिष्ठ बाईनं, मार्टानं, विचारलं, "तुमच्याकडे कुठलं जनावर आजारी आहे का?" एल्योरनं जेवताना हे हसत हसत सांगितलं. म्हातारासुद्धा हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यानंतर लाल रुमाल टांगलेला असताना त्याच्या तोंडून कधी सूर निघाला नाही. आणि रुमाल बहुतेक दिवसभर टांगलेलाच असे.

त्या दिवशी दुपारी अफगाणी सुटला.

त्याच दिवशी त्या गोदामांचं जुनं सगळं काम उचलून नव्या व्यवस्थेत ठेवायचं होतं. दुपारभर न तुटता चालणारं काम. मार्टानं आदल्या दिवशीच गोड आवाजात बजावलं होतं, "उद्या तुमच्याकडची लाइन मधेच तुटली तर सगळं अर्धवट लटकेल. मग मला दुसरा माणूस बघावा लागेल. मनाला लावून घेऊ नका." एल्योरला इंटरनेटची लाइन मिळायची ती छतावरच्या डिशमधून. लोखंडी खांब, त्यावर डिश, तिचं तोंड नदीकडच्या मनोऱ्याकडे. खांबाला तीन बाजूंनी तारा ताणलेल्या. वारा आला की डिश हलायची, लाइन अडखळायची, माणसांचे आवाज तुकडे तुकडे होऊन यायचे.

काम सुरू होऊन थोडा वेळ झाला नि छतावर काहीतरी खण्णकन तुटल्याचा आवाज आला. लॅपटॉपच्या पडद्यावरची मार्टा तोंड उघडं ठेवून गोठली. लाइन गेली.

"गेली," एल्योर डोक्याला हात लावून म्हणाला. "तार तुटली वाटतं. नेमकी आजच."

दार किलकिलं झालं. म्हाताऱ्यानं डोकं आत घातलं.

"काय झालं रे?"

"खांब हलतोय, बाबा. आज लाइन गेली तर नोकरी गेली समजा."

"तू हलू नकोस. मी आहे."

"तुम्ही बाहेर जाऊ नका हं. आत पडून राहा. वारा बघा कसला आहे तो."

"मी आहे म्हटलं ना," म्हातारा म्हणाला आणि त्यानं दार हळूच ओढून घेतलं.

एल्योरला वाटलं, बाबा गादीवर बसून आपल्यासाठी दुआ मागणार. दुसरं काही त्याच्या मनात आलं नाही. तो पडद्याकडे डोळे लावून बसला. आणि थोड्याच वेळात मार्टाचं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, आणि तिचा आवाज आला. लाइन परत आली. एल्योरनं वर बघून देवाचे आभार मानले.

मंडळी, आभार मानताना माणसानं एकदा मागंही वळून बघावं. त्यानं बघितलं नाही.

काम पुढं सरकू लागलं. बाहेर वाऱ्याचा जोर वाढत होता. खिडकीच्या फटीतून बारीक धूळ आत येऊन टेबलावर पिवळा थर धरत होती. खिडकीच्या पडद्यामागं उजेड तांबूस झाला होता. आणि लाइन कशी, तर ताणलेल्या तारेसारखी.

मार्टा म्हणाली, "आज तुमचा आवाज फार स्वच्छ येतोय. शेजारच्या खोलीत बसल्यासारखा."

एल्योर हसला. हसता हसता त्याच्या मानेवर काटा आला. का आला ते त्याला कळलं नाही. त्यानं थंड हवेचं यंत्र जरा कमी केलं. काटा गेला नाही.

मग त्याला एकेक गोष्ट दिसायला लागली. चहा आला नव्हता. दुपारच्या नमाजानंतर बाबा न चुकता हिरव्या चहाची किटली नि कप दाराच्या आत सरकवून ठेवत. आवाज होऊ नये म्हणून किटलीखाली फडकं घालून. आज दाराशी काही नव्हतं. त्यानं एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. वाऱ्याचा घोंघाट. खोकला नाही. जपमाळेच्या मण्यांचा टकटक आवाज नाही. निजले असतील. या वेळी निजतातच की.

"बाबा," त्यानं हलकेच हाक मारली.

"काय म्हणालात?" मार्टानं विचारलं.

"काही नाही."

त्यानं उठायला हवं होतं. पण काम ऐन मध्यावर होतं, हात काढला तर सगळं विस्कटणार. आणखी थोडं, मग बघतो, असं तो मनाशी म्हणाला. पुन्हा थोड्या वेळानं तेच म्हणाला. नजर मात्र पुन्हा पुन्हा लॅपटॉपच्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या हिरव्या रेघांकडे जात होती, लाइन किती पक्की आहे ते दाखवणाऱ्या. साध्या वाऱ्यातही त्या रेघा कधी एका जागी राहत नसत. आज अफगाणी आहे. आज तर तार तुटली आहे, त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. मग त्या रेघा हलत का नाहीत?

तेवढ्यात त्या हलल्या.

वाऱ्यानं डिश हलते तेव्हा त्या वेड्यावाकड्या उड्या मारतात. या तशा हलल्या नाहीत. हळूहळू खाली गेल्या, जसा भरलेली बादली धरलेला हात खाली जातो. मग धडपडत वर आल्या. स्थिर झाल्या. पुन्हा खाली गेल्या.

तो खांब कुणीतरी धरून उभं होतं.

एल्योर कसा उठला ते त्याला पुढं कधीच आठवलं नाही. हेडफोन ओढला गेला, लॅपटॉप टेबलावर आडवा झाला, मार्टा काहीतरी विचारत राहिली. त्यानं अंगणाचं दार उघडलं तर भट्टीचं झाकण उघडल्यासारखी हवा तोंडावर आली. डोळ्यांत वाळू. हात चाचपडत तो स्वयंपाकघराच्या भिंतीशी पोचला. तिथं शिडी असायची. हात रिकामाच फिरला. मग पाय कशाला तरी अडखळला. वाऱ्यानं शिडी पाडली होती, ती अंगणात पडली होती. म्हणजे वर गेलेल्या माणसाला खाली यायची वाटच नव्हती. आणि त्यानं हाक मारली नव्हती.

"बाबा."

शिडी लावून तो वर चढला. पायऱ्या तापलेल्या, तळहात भाजत होते. प्रत्येक पायरीला त्याला वाटत होतं, वर काय दिसेल ते बघण्यापेक्षा ही शिडी अशीच आभाळापर्यंत जावी.

वर म्हातारा खांबाला पाठ टेकून बसला होता. टोपी उडून गेलेली. कमरेचा शेला सोडून त्यानं स्वतःला आणि खांबाला एकत्र करकचून बांधलं होतं, म्हणजे वारा खांब ढकलेल तर आधी त्याला ढकलावं लागेल. दोन्ही हात मागं वळवून त्यानं लोखंड धरलं होतं. डोळे मिटलेले. केस, भुवया, दाढी, सगळं एका मातीच्या रंगाचं. ओठ फुटलेले. अंगाला घाम नव्हता. उन्हात माणसाचा घाम थांबतो तेव्हा काय होतं ते आमच्या गावात लहान पोरालाही ठाऊक आहे.

एल्योर गुडघ्यांवर पडला, शेल्याची गाठ सोडू लागला. गाठ सुटेना. म्हाताऱ्याचे ओठ हलले. आवाज आला नाही, नुसती हवा. एल्योरनं कान जवळ नेला.

"झालं का तुझं?"

"झालं, बाबा. सगळं झालं. सोडा आता."

ते ऐकल्यावरच त्यानं हात सोडले. खांब कलला. डिश मान मोडल्यासारखी एका बाजूला लटकली.

एल्योरनं मग सानोबार आपाला हाक मारली. शेजारची विधवा, आवाजानं आणि मनानंही मोठी. दोन घरांमधली भिंत चढून ती आली, दोघांनी म्हाताऱ्याला चादरीत घालून खाली उतरवलं. आपानं हौदात चादरी बुचकळून त्याच्या अंगावर घातल्या, मानेखाली ओलं फडकं ठेवलं, चमच्यानं ओठांवर पाणी लावत राहिली. वारा ओलांडून डॉक्टर कधी पोचतील याचा भरवसा नव्हता.

"मी पाहिलं होतं रे त्याला," ती काम करता करता म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "धूळ जरा विरळ झाली तेव्हा दिसला वर. मी ओरडणारच होते, बख्शी, वेड लागलं का तुम्हाला, म्हणून. तर त्यानं एक हात काढून बोट ओठांवर ठेवलं. असं. गप्प. मला वाटलं, खाली तू आहेस, तुला ठाऊक असेल."

एल्योर उठून आत गेला. दारावरचा लाल रुमाल ओढून काढला, हौदात भिजवला आणि बापाच्या कपाळावर ठेवला. मग शेजारी बसून त्याच्या छातीकडे बघत राहिला. छाती वर जायची आणि खाली यायची, आणि पुन्हा वर जायच्या आधी इतका वेळ जायचा की त्या वेळात एल्योर दर खेपेला पोरका होत होता. आतल्या खोलीत लॅपटॉप मार्टाचा निरोप आल्याचं टुणटुण करून सांगत होता. ऐकू येत होतं. तो उठला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो एकाच आवाजाकडे कान देऊन बसला होता, आणि तो थांबेल या भीतीनं त्याला स्वतःचा श्वासही मोठा वाटत होता.

डॉक्टरीणबाई आल्या. सुया झाल्या, बाटल्या लागल्या. सुटका कुणाच्या हातून झाली म्हणाल तर मी वर बोट दाखवीन, आणि मग सानोबार आपाच्या भिंतीकडे. नोरमुरोद बख्शी वाचला.

पण त्याचा आवाज परत आला नाही. तहानेनं आणि धुळीनं जो गळा सुकला तो सुकलाच. आता तो हळू बोलतो, पानं सळसळावीत तसा. नोकरी राहिली, मार्टानं काय ऐकलं आणि काय समजून घेतलं ते तिचं तिला ठाऊक. डिशच्या खांबाला आता सिमेंटचा पाया आहे. दारावर रुमाल नाही. काम चालू असताना म्हातारा मुद्दाम त्याच खोलीत बसतो, एल्योरनंच बसवलं आहे त्याला. दोंब्रा मांडीवर असतो. बोटं चालतात. पलीकडून कुणी विचारलं की हा कसला आवाज, तर एल्योर सांगतो, माझे वडील आहेत.

गाणं मात्र सुरू व्हायच्या जागी थांबतं. देवाच्या नावापाशी ओठ उघडतात आणि नुसती हवा येते. मग एल्योर एका कानावरचा हेडफोन काढून ते नाव आपण म्हणतो. बेसूर म्हणतो. म्हातारा तोंड वाकडं करतो, पण बोटं थांबवत नाही.

तेव्हा मंडळी, एवढंच मागणं आहे. तुमच्यापैकी ज्याला देवानं गळा दिला आहे त्यानं गायला बसताना आधी देवाचं नाव घ्यावं, मग आपल्या गुरूचं, आणि त्या दोघांच्या मागोमाग एकदा नोरमुरोद बख्शीचंही घ्यावं. त्याचा सूर त्या दिवशी छतावर राहिला आहे. त्याची आठवण ठेवा.