आधी बोक्याला

रतनबाईंचा बाळ्या हा सात किलोचा बोका महिन्याभरात निम्मा झाला. भांडंभर पाणी प्यायचा, जागोजागी मुतायचा. चौसाळ्याच्या जनावरांच्या डॉक्टर मोहिनीनं रक्त तपासलं. साखर सव्वाचारशे.

"मावशी, स्वादुपिंडातल्या पेशी इन्सुलिन बनवतात. त्याच्यासोबत आणखी एक प्रथिन बाहेर पडतं. चरबी वाढली की इन्सुलिन जास्त लागतं, मग तेही जास्त बनतं. त्याची घडी बिघडते, ते एकमेकाला चिकटतं, थर साचतो आणि पेशी मरतात. कुत्र्यांत असं होत नाही. मांजरांत होतं, नि माणसांत."

रतनबाईंचे मालक, माजी सरपंच विजयसिंह, खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनाही डॉक्टरांनी इन्सुलिन सांगून दोन महिने झाले होते, तरी त्यांनी ते सुरू केलं नव्हतं. सुईला ते भ्यायचे, पण कुणाला कळू द्यायचे नाहीत.

"म्हंजे बोक्याला नि मला एकच रोग?"

"जवळपास."

रतनबाई बाळ्याला रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई टोचू लागल्या. तीन आठवड्यांत बाळ्या पुन्हा ओट्यावर उड्या मारू लागला. तेवढ्यात विजयसिंहांनी कुण्या बाबाकडून काळी पूड आणली.

"सुई बंद. आजपासून ह्याला पूड."

"तुमी घ्या की मग."

"आधी बोक्याला. त्याला लागू पडली तर मी घेतो."

त्यांनी बाळ्याला सरकीच्या खोलीत कोंडलं, किल्ली खिशात ठेवली.

"अहो, पाया पडते. एक सुई टोचू द्या."

"मग पुडीनं बरा झाला का सुईनं, कसं कळंल?"

दोन दिवस बाळ्या दार खरवडत ओरडला. तिसऱ्या दिवशी आवाज बंद झाला. विजयसिंह रोज आत जाऊन पूड चाटवायचे, काठीनं डिवचून म्हणायचे, "अजून हाय." सहाव्या दिवशी तो नव्हता.

त्यांनीच मोहिनीला बोक्याचं पोट फाडून बघायला लावलं. आठ दिवसांनी तिनं सांगितलं, "थरच थर आहेत. पेशी थोड्याच उरल्या होत्या. इन्सुलिन मिळालं असतं तर जगला असता."

"पूड खोटी हाय तर," विजयसिंह म्हणाले, आणि संध्याकाळी स्वतःचं इन्सुलिन घेऊन आले. "तुझा हात हलका हाय. टोच."

रतनबाईंनी टोचली.

"कळलंबी न्हाई की!" ते खुशीत हसले. "तुला दुसरं पिल्लू आणतो."

"आणू नका. उद्यापासून तुमची तुमी टोचा."

दुसऱ्या दिवशी ते सुई हातात धरून दुपारपर्यंत खुर्चीत बसले. तीनदा त्यांनी हाक मारली. रतनबाई समोरच शेंगा फोडत होत्या. त्या उठल्या नाहीत.