चढाच्या अलीकडची भाजी

हेमचंद्रांना भाजी आणायला सांगितलेलं कधीच आवडलं नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात मॅनेजर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. मेथी आणि कोथिंबीर यांतला फरक त्यांना निवृत्तीनंतर कळला, तोही नाइलाजाने. त्यामुळे रविवारी पहाटे ते हेल्मेटचा पट्टा लावत असताना वृंदाबाईंनी कापडी पिशवी पुढे केली की त्यांच्या कपाळावर आठ्या पडत.

"चामटोलीच्या पुढे पिंपळाखाली एक बाई बसते म्हणतात. तिच्याकडचा मुळा आणा. आणि त्या छोट्या पुलाच्या अलीकडे वांगी चांगली मिळतात."

"वृंदा, ती रेसिंगची सायकल आहे. हातगाडी नाही."

"हातगाडीपेक्षा महाग आहे ना? मग पेलेल की."

आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईशी वाद घालून कुणी जिंकल्याचं अंबरनाथमध्ये तरी ऐकिवात नाही. हेमचंद्र पिशवी घेत. कुठल्या पिंपळाखाली कोण बसतं हे हिला कसं कळलं, असा प्रश्न त्यांना पडत नसे. कारखान्यात दिवसभर सगळ्यांना प्रश्न विचारून ते घरी येत, आणि घरात प्रश्न विचारायची सवय राहिली नव्हती.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं आणि स्टेंट बसला. दिवाळीनंतर डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, पण बोट उगारून. चढावर जोर लावायचा नाही, धाप लागली की मुकाट्याने उतरायचं, आणि एकट्याने जायचं नाही. वृंदाबाई शेजारीच बसल्या होत्या. दोन चाकांच्या वाहनाबद्दल त्यांचं मत सगळ्यांना ठाऊकच होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी हेमचंद्रांनी त्यांना स्कूटरवरून खडीत पाडलं होतं, आणि तेव्हापासून त्या कुणाच्याही मागे बसल्या नव्हत्या. लग्नकार्य असो, दवाखाना असो, त्या रिक्षाने जायच्या.

दर रविवारी चिखलोलीच्या नव्या टॉवरांपाशी सायकलवाले जमत. बदलापूर ओलांडायचं, हमरस्ता सोडायचा, मग उल्हास नदीच्या काठाकाठाने, वाडीवस्तीतून, कापलेल्या भातखाचरांमधून वांगणीपर्यंत जायचं आणि परत यायचं. रस्ता कसा, तर उठतो, बसतो, पुन्हा उठतो. फार मोठा चढ कुठे नाही, पण सपाटही फारसा नाही. या रस्त्यावर हेमचंद्र सहा वर्षं सगळ्यांच्या पुढे असत. गटाचा नियमही त्यांनीच केलेला. एकाच्या सायकलच्या बैठकीला लाल रुमाल बांधायचा, आणि ज्याच्याकडे रुमाल तो सगळ्यांच्या मागे. काहीही झालं तरी त्याने कुणाला ओलांडायचं नाही, म्हणजे मागे कुणी एकटं राहत नाही. नियम उत्तम होता. फक्त तो रुमाल कधी आपल्याला बांधला जाईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या पहिल्याच रविवारी स्वप्नाली तो घेऊन पुढे आली. उल्हासनगरच्या बँकेत कॅशियर असलेली ही बाई आता गट सांभाळत होती. हेमचंद्रांचा चेहरा पाहून तिने घाईने सांगितलं, "सर, ती प्रीती आहे ना, बुवापाड्याची, नवीन आलीय. एकदम स्लो आहे. रस्त्याला घाबरते. तिच्यामागे कोणीतरी भरवशाचा पाहिजे. बाकीचे सगळे उडाणटप्पू. तुमच्याशिवाय कोण आहे?"

असं हरभऱ्याच्या झाडावर चढवल्यावर कोण उतरेल? हेमचंद्रांनी रुमाल बांधून घेतला.

प्रीती विशीतली, इन्शुरन्सच्या ऑफिसात काम करणारी, हसरी मुलगी. तिच्यासारखी रडतखडत सायकल चालवणारी व्यक्ती हेमचंद्रांनी पाहिली नव्हती. कुठे नदीत उभा बगळा दिसला, थांब. कुठे शेकोटीभोवती म्हातारे बसलेत, त्यांच्याशी गप्पा मार. त्यात वृंदाबाईंची भाजी. पिंपळाखाली रखमाबाईकडे मुळा, पुलाच्या अलीकडे वांगी, पुढे एका अंगणात वालाच्या शेंगा. "हे सायकलिंग नव्हे, बाजारहाट आहे," असं ते तोंडावर बोलत, आणि प्रीती हसून पाण्याची बाटली पुढे करी. पण आतून एक वेगळीच गोष्ट घडत होती. चढ निघत होते! पिंपळापुढचा चढ, पुलापुढचा चढ, एकाही ठिकाणी धाप नाही की पायात गोळा नाही. हेमचंद्र घरी येऊन मुळ्याची जुडी ओट्यावर ठेवत आणि सांगत, "आज पण चढ सहज निघाले." वृंदाबाई मान डोलावत.

संक्रांत झाली आणि त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. आपण बरे झालो. या रविवारी वांगणीला चहा घेताना स्वप्नालीला रुमाल परत द्यायचा, पुढची जागा मागायची. पुढच्या महिन्यात गट कर्जतपर्यंत जाणार होता, त्यात आपण सगळ्यांच्या पुढे असायचं. दवाखान्यात छताकडे बघत पडले होते त्या दिवसांपासून त्यांना एवढी एकच गोष्ट हवी होती. पुन्हा पुढे असणारा माणूस व्हायचं होतं.

त्या रविवारी पिंपळाखाली प्रीतीच्या मागच्या चाकाची हवा गेली. पंप स्वप्नालीकडे, आणि ती पुढे निघून गेलेली. प्रीती सायकल ढकलत वळणावरच्या पंक्चरवाल्याकडे गेली आणि हेमचंद्र रखमाबाईसमोर एकटेच उरले. रखमाबाई बोलायला लागली. शेतात मडक्यात भाजतात त्या पोपटीसाठी पावटा कसा हवा ते बोलली. सुनेबद्दल बोलली. नदीचं पाणी पूर्वी कसं गोड होतं त्याबद्दल बोलली. हेमचंद्र दोनदा उठायला गेले, पण तिने त्यांना दोन्ही वेळा बसवलं. शेवटी बोलायचे विषय संपले, तशी ती मोठ्याने हसली.

"आता काय बोलू बाबा तुमच्याशी? तुमच्या बायकोनं सांगितलंय, म्हाताऱ्याला जरा बोलत ठेव, लगेच सोडू नको. रोज रोज आणायचं कुठून बोलणं?"

"माझ्या बायकोने? तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलताय."

"दुसऱ्या कुणाबद्दल? चष्मेवाली, पांढऱ्या केसांची. मास्तरीण व्हती ना शाळेत? दिवाळीच्या टायमाला आलती. याच पोरीच्या स्कूटीवर मागं बसून."

"माझी बायको स्कूटीवर बसत नाही," हेमचंद्र ठासून म्हणाले.

"बसलती तर! आणि ही पोरगी बुधवारी सायकलवर जाते हिकडनं. काय पळवते, बाई बाई! कुत्रीपण मागं लागत नाहीत."

हेमचंद्रांच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली, आणि कानशिलं तापली. प्रीती हळू नव्हती. बगळे, शेकोट्या, वांगी, सगळं नाटक होतं. बायको, स्वप्नाली, ही कालची पोर, आणि आता ही भाजीवालीसुद्धा. सगळ्यांनी मिळून त्यांना लहान मुलासारखं खेळवलं होतं. त्यांचा तिळपापड झाला. बैठकीचा रुमाल सोडून त्यांनी रखमाबाईच्या टोपलीवर टाकला, सायकलवर टांग मारली आणि समोरच्या चढाला भिडले, विसावा न घेता आणि पाणी न पिता, संतापाच्या भरात.

अर्धा चढ निघाला. मग श्वास अपुरा पडू लागला. त्यांनी दात खाऊन आणखी चार पायडल मारली, आणि एकदम पायांतलं बळच गेलं. कसाबसा पाय टेकवून ते उतरले आणि कडेच्या बांधावर बसले. छातीत दुखत नव्हतं, पण धाप काही केल्या थांबेना. हेमचंद्रांना भीती वाटली. खरीखुरी भीती, पावसाळ्यातल्या त्या रात्रीसारखी. आणि भीतीच्या मागोमाग एक साधा हिशेब लक्षात आला. हे चढ ते कधीच एका दमात चढले नव्हते. प्रत्येक चढाच्या आधी कुणीतरी त्यांना बसवलं होतं, पाणी पाजलं होतं, बोलत ठेवलं होतं. ज्या ताकदीचा ते घरी जाऊन तोरा मिरवत होते ती ताकद भाजीची होती.

थोड्या वेळाने खालून प्रीती आली, अगदी सावकाश. मुळ्याची जुडी तिच्या पाठीवरच्या पिशवीतून डोकावत होती आणि लाल रुमाल तिच्या सायकलला होता. ती त्यांच्या अलीकडेच थांबली.

"पुढे ये की," हेमचंद्र म्हणाले. "तुला काय, तू तर वारा आहेस म्हणे."

"रुमाल माझ्याकडे आहे सर. तुम्हाला ओलांडता येत नाही मला. नियम तुमचाच आहे." तिने बाटली पुढे केली. "सॉरी. पण मी बाईंना नाही म्हणू शकले नाही. दहावीला बाईंनी मला घरी बोलवून गणित शिकवलंय. बाई बोलल्या, त्यांची सायकल बंद केली तर ते आतून खचतील, आणि चालू ठेवली तर मी जिवंत राहायची नाही. दोन्ही नको, मधलं काहीतरी कर."

हेमचंद्र दोन घोट पाणी प्यायले. मग त्यांनी विचारलं, "खरंच बसली ती? स्कूटीवर?"

"वांगणीपर्यंत गेलो आणि परत आलो. मला एवढं घट्ट धरलेलं, की रात्री कंबर दुखत होती माझी. पूर्ण रस्ता डोळे मिटून. मला सांगून ठेवलेलं, फक्त चढ आला की सांग. मी सांगितलं की डोळे उघडायच्या, खाली उतरायच्या, अलीकडे कोण काय विकतं ते बघायच्या, आणि परत डोळे मिटून बसायच्या."

खाचरांवरचं धुकं विरत होतं. खाली नदी संथ पडून होती आणि काठावरच्या घरांतून चुलीचा धूर वर येत होता. हेमचंद्रांनी चष्मा काढला आणि जर्सीच्या टोकाने बराच वेळ पुसला. काच काही एवढी खराब झालेली नव्हती.

"आण तो रुमाल इकडे," ते शेवटी म्हणाले.

रुमाल बांधून ते उरलेला चढ सायकल हातात धरून चालले. वांगणीला चहा झाला, पण पुढच्या जागेचा विषय त्यांनी काढला नाही. स्वप्नालीने कर्जतचं विचारलं, तेव्हा म्हणाले, "मी इथपर्यंतच. इथे मला बाजार असतो."

घरी पोचले तेव्हा वृंदाबाई गॅलरीत उभ्या होत्या. त्या दर रविवारी तिथे उभ्या असायच्या, पण हेमचंद्रांनी ते आज पाहिलं. वर येऊन त्यांनी मुळा ओट्यावर ठेवला.

"निघाले चढ?" वृंदाबाईंनी पाठमोऱ्याच विचारलं.

"नाही. पिंपळापुढच्या चढावर धाप लागली. उतरलो, बसलो, मग चालत गेलो."

मुळा धुणारा हात क्षणभर थांबला. नळ तसाच वाहत राहिला.

"पुढच्या रविवारी काय आणू?" हेमचंद्रांनी विचारलं.

"वालाच्या शेंगा आणा," वृंदाबाई म्हणाल्या.

"चढाच्या अलीकडच्या की पलीकडच्या?"

त्या वळल्या. त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं.

"अलीकडच्या," त्या म्हणाल्या. "आणि निवडून घ्या. घाई करू नका."