गिरिजा बेटावरचा भूकंप

आष्टीच्या बाजारतळावर हजारभर माणूस श्वास रोखून उभं होतं. मधोमध गोणपाटावर भुजंग महाराज पालथे पडले होते, उजवा कान जमिनीला.

"धरणीमाय बोलून राह्यली," ते तोंडाजवळच्या माइकमध्ये पुटपुटले. "कुणी खोकायचं बी न्हाई."

कुणी खोकलंही नाही. तीन अमावास्यांना महाराजांनी असाच कान लावून कुठल्या देशात भूकंप झाला ते सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ते छापून आलं होतं. २००९चा पावसाळा सरला तशी गावाखालची जमीन गुरगुरायला लागली होती. किल्लारी कुणीच विसरलं नव्हतं. लोक अंगणात झोपत होते. भूगर्भ खात्याचे लोक येऊन सांगून गेले होते, की पाणी कातळाच्या भेगांत उतरलं की असे आवाज होतात. त्यांचं ऐकायला वीस माणसं जमली होती.

गर्दीच्या कडेला बेबीनंदा उभी होती. परतूरला ती कॉम्प्युटरचा क्लास घ्यायची. ती महाराजांसाठी आली नव्हती. तिची म्हातारी शेजारीण सोनूबाई हिला महाराजांनी पुढं आणून बसवायला लावलं होतं, म्हणून ती आली होती.

महाराज उठले. कपाळावरची माती त्यांनी तशीच ठेवली.

"सात समुद्रापल्याड गिरिजा नावाचं बेट हाये. तिथं धरणी फाटली. आठ पूर्णांक एक. अन् का फाटली? ह्या बाईनं भानामती केली, मायच्या पोटात खिळा ठोकला. आज रात्री आष्टीची पाळी."

पहिला दगड सोनूबाईच्या कानाखाली लागला. दुसरा कुणी मारला ते दिसलंच नाही. मग तिचा पुतण्या साहेबराव काठी घेऊन पुढं झाला. म्हातारीनं हात आडवा धरला आणि वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला. कुणीतरी तिला केस धरून ओढलं. "रॉकेल आणा रे," असं एक बाई म्हणाली, अगदी शांतपणे.

बेबीनंदा जागीच थिजली होती, पण भीतीनं नव्हे. गिरिजा हे तिच्या आईचं नाव होतं, आणि ते बेट तिनंच काल संध्याकाळी तयार केलं होतं.

परदेशातली एक वेधशाळा जगभरच्या भूकंपांच्या नोंदी इंटरनेटवर फुकट देते. त्या आपोआप उचलून मराठीत दाखवणारं एक छोटं पान तिनं पोरांना शिकवण्यासाठी केलं होतं. मोठा धक्का लाल रंगात दिसतो का, हे तपासायला तिनं एक खोटी ओळ घातली: गिरिजा बेट, ८.१. पान नेटवर चढवलं, ओळ लाल दिसली, आणि ती काढायच्या आधीच लाईट गेली. ओळ नेटवर तशीच राहिली.

ती धावली. सोनूबाईवर ओणवी झाली तेव्हा साहेबरावाची काठी तिच्या खांद्यावर बसली. डोळ्यांपुढं काजवे चमकले तरी तिनं महाराजांचा माइक ओढून घेतला.

"गिरिजा बेट जगात कुठंच न्हाई. ते मी काल माझ्या कॉम्प्युटरवर लिहिलं. महाराजाच्या कानात ते कुणीतरी वाचून राह्यलं."

"मंग तू बी तिचीच चेली दिसती," मागून कुणीतरी म्हणालं. चारदोन जण हसले.

"असंन. पण महाराजाला एक काम सांगा. दोन हात सरकून कान लावा म्हणावं. माय काय एवढ्याच जागेत बोलती का?"

महाराज म्हणाले, "जागा सिद्ध केलेली हाये. ती सोडता येत न्हाई."

चहावाला रामकिसन गर्दीतच होता. "बघू तरी, सिद्ध म्हंजी कशी असती," असं म्हणून त्यानं गोणपाट बाजूला केलं आणि हातानंच माती उकरली. वीतभर खाली मडकं निघालं. मडक्यात मोबाइल होता, आणि मोबाइल चालू होता.

"महाराज, ऐकू येऊन राह्यलं का?" मडकं बोललं. "गिरिजा बेटाच्या वर काय नवीन आलं न्हाई. फोन ठेवू का?"

तो मच्छिंद्रचा आवाज होता. महाराजांचा हा चेला बेबीनंदाकडंच कॉम्प्युटर शिकला होता, आणि आता बाजारतळाच्या टोकाला जीपमध्ये 'जपाला' बसला होता. तिनं केलेलं पान दुसऱ्या मोबाइलवर उघडून तो ओळ न् ओळ मडक्यात वाचत होता.

मग तेच दगड पुन्हा उचलले गेले, या वेळी महाराजांसाठी. महाराजांचं नाक फुटलं. साहेबरावानं तीच काठी त्यांच्यावर उगारली.

बेबीनंदानं काठीचं टोक पकडलं. "खाली ठेव. मघाशी बी तुला अशीच खात्री होती. ह्याला पोलीस नेतील. तू चुलतीला उचल."

जीप मच्छिंद्रकडून काढून घेतली आणि सोनूबाईला तिच्यात निजवलं. तिचा मोडका हात साहेबरावाच्या मांडीवर होता. त्याला तिच्याकडं बघवत नव्हतं.

"मारायच्या आधी येकडाव मला इचारायचं तं होतं, साहेबा," ती म्हणाली. "मला खिळा बी ठोकता येत न्हाई."

वाचकांना सांगणं एवढंच आहे. कुणी धरणीचं, देवाचं, ग्रहाचं काही सांगू लागला तर आधी विचारा, तुला हे कळलं कसं? आणि उत्तर मिळेपर्यंत हात खाली ठेवा. आष्टीत हजार माणसं होती. हा प्रश्न पहिला दगड पडायच्या आधी एकानं जरी विचारला असता, तरी म्हातारीचा हात धड राहिला असता.