ओल्या पॉलिशचा तास

मी एक जुनी घसरगुंडी आहे. बागेतली नव्हे, मित्रांनो, तेव्हा उगाच चढायला येऊ नका. माझ्यावरून फक्त एक पोलादी गोळी घसरते. समोरासमोर दोन लाकडी उतार, मध्ये सपाट फळी आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरलेली एक खाच, एवढाच माझा संसार. सध्या मुक्काम शाळेच्या प्रयोगशाळेत, कपाटामागे.

मला एका सुताराने घडवलं. मी त्यांना बाबाच म्हणते, कारण त्यांची लेकही तेच म्हणायची. ती या शाळेत विज्ञान शिकवायची. नोकरी तात्पुरती होती आणि प्रयोगाच्या सामानाच्या नावाने शंख होता. म्हणून तिने वडिलांनाच गळ घातली.

"बाबा, एका उतारावरून सोडलेली गोळी समोरच्या उतारावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. मुलांना हे दाखवायचंय."

बाबा रंधा मारता मारता हसले. "अगं, खाली आली की तिची हौस फिटली. पुढे सपाटीवर तिला ढकलणार कोण? दमून थांबेल बिचारी."

"ग्रीसमधला ॲरिस्टॉटलही साधारण असंच म्हणायचा. ढकलणारा थांबला की वस्तू थांबते."

"मग झालं तर. एवढा मोठा माणूस उगाच बोलेल का?"

बोलायचं ते बोलले, पण मला घडवताना त्यांनी जीव ओतला. खाच अशी घासली की माशीचाही पाय घसरावा. मी शाळेत आले आणि गोळी खरोखरच समोर चढू लागली. मात्र बाबा ते बघायला कधी आले नाहीत. "लाकूड माझं, गोळी तुझी," म्हणून त्यांनी विषयच मिटवला.

लेकीचा, म्हणजे वर्गातल्या बाईंचा, एक नियम होता. गोळी सोडण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज मोठ्याने सांगायचा. चुकला तरी कुणी हसायचं नाही. त्यामुळे वर्गात नुसता गलका. मला तो फार आवडायचा.

मग तपासनीस साहेब येणार असल्याची बातमी आली. बाईंना कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्यांच्यासमोरच्या तासावर ठरणार होतं. नेमका तेव्हाच माझा एक पाय डुगडुगायला लागला. बाबा मला दुरुस्तीला घरी घेऊन गेले. पाय झाला, पण त्यांना राहवेना. लेकीच्या परीक्षेला आपली वस्तू अशी कळकट कशी जाऊ द्यायची? त्यांनी माझ्यावर पॉलिशचा हात मारला आणि खाचेत तर दोनदा मारला. हवा दमट होती. सकाळी तास सुरू होताना त्यांनी मला टेबलावर आणून ठेवलं, तेव्हा मी आरशासारखी चमकत होते आणि खाच आतून ओली होती. मला बोलता येत असतं तर तिथेच बोंब ठोकली असती.

बाबा दाराशी उभे राहिले. साहेब मागच्या बाकावर बसले. बाईंनी आधी ॲरिस्टॉटलचं म्हणणं सांगितलं, मग मुलांचे अंदाज सांगून झाले. बाईंनी गोळी सोडली. ती उतार उतरली, सपाटीवर रेंगाळली आणि अर्ध्यातच थांबली.

साहेब म्हणाले, "बाई, तुमचा ग्रीक जिंकला की."

बाईंचा चेहरा उतरला. पुस्तकात काय लिहिलंय ते सांगून वेळ मारून नेता आली असती. बोटाने हळूच ढकलताही आलं असतं. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, 'गोळी थांबली'. मग मुलांकडे वळून विचारलं, "का?"

"दमली," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

तिच्या शेजारणीने उठून माझ्या खाचेतून बोट फिरवलं. "दमली नाही बाई, इथे चिकट आहे."

"दोघींपैकी कुणाचं खरं, हे ठरवायचं कसं? माझ्याकडे बघू नका, गोळीकडे बघा."

मुलं कुजबुजली. शेवटी ती शेजारीणच म्हणाली, "चिकट काढून टाकू. ती दमत असेल तर तरीही तिथेच थांबेल."

"बरोबर. पण बाकी काही बदलायचं नाही. गोळी तीच, सोडायची जागा तीच."

मित्रांनो, आता सगळे दाराकडे बघायला लागले. बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. आपल्या मायेनेच लेकीचा घात केला, हे त्यांना कळून चुकलं होतं. ते पुढे आले, खिशातून फडकं आणि काचकागद काढला आणि आपणच लावलेलं पॉलिश पुसून खरवडायला लागले. खसखस, खसखस. मला वेदना झाल्या नाहीत, पण त्यांना झाल्या. त्यांचा हात माझ्यावर होता, मला कसं कळणार नाही?

खाच कोरडी झाली. ते मागे सरायला लागले तशा बाई म्हणाल्या, "बाबा, नियम आहे. तुमचा अंदाज?"

बाबांनी गोळीकडे पाहिलं. "थांबेल. पण मघापेक्षा थोडी पुढे."

कुणी हसलं नाही. गोळी सुटली. उतार उतरली, सपाटी ओलांडली आणि समोरचा उतार चढत चढत जवळजवळ टोकाला टेकून परत फिरली. मग बाबांनी ती उचलली आणि स्वतः सोडली.

"म्हणजे ती दमत नाही गं," ते हळूच म्हणाले. "तिला आपण अडवतो."

साहेब कधी उठून टेबलापाशी आले, कुणालाच कळलं नाही. "मला एकदा सोडू द्या," ते म्हणाले. बाई त्या वर्षी कायम झाल्या आणि निवृत्त होईपर्यंत याच खोलीत शिकवत राहिल्या.

त्या ॲरिस्टॉटलला नावं ठेवू नका हं. त्याने मासे पाहिले, पाखरं पाहिली, डोळे उघडे ठेवून विचार केला. जगात सगळं खरखरीत, मग त्याला गोळ्या थांबतानाच दिसणार. पण पुढे लोक त्याचा अंदाज पाठ करत बसले आणि खाचेतून बोट फिरवायचं राहून गेलं.

आता बाबा नाहीत. बाईही येत नाहीत. मला दोघांची फार आठवण येते. वर्गात प्रयोग दाखवणारा पडदा आला आहे. त्यावरची गोळी कधी अडत नाही, कारण तिथे कुणी मायेने पॉलिशच लावत नाही. माझ्या खाचेत धूळ साचली आहे, खडूचा एक तुकडाही अडकला आहे. येणारे-जाणारे म्हणतात, "जुनी झाली, हिचे दिवस संपले."

तुम्हीही तसंच म्हणाल? म्हणा, नियमाप्रमाणे मी हसणार नाही. पण मग मला कपाटामागून काढा आणि कोरड्या फडक्याने खाच पुसा. बाकी काही बदलू नका. मग गोळी सोडा आणि बघा, मी दमले आहे की मला कुणी अडवलं आहे.